मूलनिवासी समाजाशी संग्रहालयाची भागीदारी: यादीपासून करारापर्यंत

जानेवारी २०२४ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने मूलनिवासींच्या वस्तूंची आपली दोन मोठी दालनं बंद केली: ईस्टर्न वुडलँड्स आणि ग्रेट प्लेन्स. शिकागोच्या फील्ड म्युझियमनेही त्याच महिन्यात काही काचपेट्या झाकून टाकल्या. कारण कायद्याचं होतं. अमेरिकेत १९९० साली झालेल्या 'नॅगप्रा' कायद्याचे (मूलनिवासींची थडगी जपणं आणि त्यांचे अवशेष, वस्तू त्यांना परत करणं यासाठीचा कायदा) सुधारित नियम १२ जानेवारी २०२४ पासून लागू झाले. मूलनिवासी जमातींचे मानवी अवशेष, थडग्यातल्या वस्तू, पवित्र वस्तू आणि सामुदायिक मालकीचा वारसा यांतलं काहीही मांडायचं, अभ्यासकाला दाखवायचं किंवा त्यावर संशोधन करायचं, तर आधी संबंधित जमातीची संमती घ्या, असं त्यांत स्पष्ट लिहिलं आहे. संमतीही पूर्ण माहिती देऊन आणि कसलाही दबाव न आणता घेतलेली हवी.

मूळ कायदा होऊन तोवर तेहेतीस वर्षं उलटली होती. एवढ्या काळात ज्यांनी जमातींशी नातं जोडलं होतं त्यांना पडदे शोधत धावावं लागलं नाही. बाकीच्यांनी मग घाईघाईने फोन फिरवायला सुरुवात केली. ही धावपळ टाळायची असेल तर काम कुठून सुरू करायचं आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते इथे लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिका आणि कॅनडातली आहेत, कारण यशापयशाचा सगळ्यात मोठा साठा तिथे आहे. संग्रहालयशास्त्र शिकणाऱ्यांना, परदेशातल्या संग्रहालयात नोंदणी किंवा संवर्धनाचं काम करणाऱ्या मराठी मंडळींना आणि इकडे आदिवासी वस्तूंचा संग्रह सांभाळणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा.

माझं मत आधीच सांगून टाकते. बहुतेक संग्रहालयं प्रदर्शनाची कल्पना घेऊन समाजाकडे जातात आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. तुमच्याकडे त्यांचं काय काय आहे याची पूर्ण यादी आधी त्यांच्या हातात ठेवा. पुढचं सगळं त्यानंतर.

आधी कोठारात जा

ही यादी वाटते तितकी सोपी नसते. जुन्या दाखल-नोंदवहीत 'टोपली, इंडियन, पश्चिमेकडील, देणगी' एवढ्यावर मामला संपलेला असतो. म्हणून प्रत्येक वस्तूमागे चार गोष्टी शोधायच्या: ती कुणी गोळा केली, कुठून, कोणत्या साली आणि संग्रहालयात कोणत्या वाटेने आली. गोळा करणारा लष्करी डॉक्टर होता, मिशनरी होता, सरकारी एजंट होता की पर्यटक, याने पुढची सगळी चर्चा बदलते.

सालाकडे विशेष लक्ष द्या. कॅनडात १८८५ ते १९५१ या काळात पॉटलॅचवर, म्हणजे वायव्य किनाऱ्यावरच्या मूलनिवासींच्या दानाच्या समारंभावर, कायद्याने बंदी होती. डिसेंबर १९२१ मध्ये व्हँकुव्हर बेटाच्या परिसरातल्या क्वाक्वाकावाक्व लोकांनी एक मोठा पॉटलॅच केला. त्यानंतर झालेल्या अटकसत्रात 'मुखवटे आणि समारंभाच्या वस्तू द्या, नाहीतर तुरुंगात जा' असा पर्याय लोकांपुढे ठेवला गेला. त्या वस्तू ओटावा, टोरांटो आणि न्यूयॉर्कपर्यंत पांगल्या. म्हणजे व्हँकुव्हर बेटाच्या परिसरातून १९२२ मध्ये आलेल्या मुखवट्यापुढे वहीत 'खरेदी' असं लिहिलेलं असलं, तरी त्या शब्दावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो.

जुनी नोंद कितीही अपमानकारक शब्दांत असली तरी खोडू नका, कारण तो पुरावा आहे. ती जशीच्या तशी उतरवून घ्या आणि नवी माहिती शेजारच्या रकान्यात लिहा. नोंदीतल्या शंकाही लिहून ठेवा: 'दोन वह्यांत दोन वेगळी सालं', 'चिठ्ठी बदललेली दिसते'. यादी अर्धवट असली तरी चालते, ती तशी आहे हे मात्र सांगावं लागतं.

दुसरं काम विषाचं. विसाव्या शतकात बराच काळ संग्रहालयं कीड लागू नये म्हणून पिसं, कातडं आणि लोकरीच्या वस्तूंवर आर्सेनिक, पारा, पुढे डीडीटी वापरत असत. काचेआड वस्तू पडून असते तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. पण परत गेलेली पवित्र वस्तू कपाटात राहत नाही. ती अंगावर घेतली जाते, तोंडाजवळ जाते, तिच्यासोबत नाचलं जातं. अॅरिझोनातल्या होपी लोकांना परत मिळालेल्या काही वस्तूंत आर्सेनिक सापडल्यावर हा प्रश्न सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आला. तेव्हा फवारणीच्या जुन्या पावत्या, संवर्धकाच्या टिपणवह्या शोधा. शक्य असेल तिथे एक्स-रे फ्लुरोसन्सने तपासणी करून घ्या. त्यात धातू कळतात, डीडीटीसारखी सेंद्रिय रसायनं कळत नाहीत, हे अहवालातच लिहा. ही माहिती वस्तूबरोबर देणं नियमानुसार बंधनकारक आहे. नियम नसता तरी ती लपवणं हा गुन्हाच ठरला असता.

कोणाशी बोलायचं?

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. अमेरिकेत केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या पाचशे सत्तरहून अधिक जमाती आहेत आणि त्यांतली प्रत्येक जमात हे स्वतःचं सरकार असलेलं राष्ट्र आहे. त्यामुळे ओळखीचा एखादा मूलनिवासी चित्रकार किंवा विद्यापीठातला प्राध्यापक म्हणजे जमात नव्हे. त्याच्याशी जरूर बोला, सल्ला घ्या, पण त्याच्या 'हो'वर पेटी उघडू नका. अनेक जमातींत ऐतिहासिक वारशाची जबाबदारी असलेला अधिकारी असतो, काही ठिकाणी होपींसारखं संस्कृती जतनाचं स्वतंत्र कार्यालय असतं. सुरुवात तिथून करा आणि पत्राची प्रत जमातीच्या अध्यक्षांना पाठवा.

वस्तू जिथून आली तिथे आज ती जमात राहत असेल असं नाही. १८३० च्या इंडियन रिमूव्हल कायद्यानंतर आग्नेयेकडच्या जमातींना मिसिसिपीपलीकडे हाकललं गेलं. जॉर्जियातून आलेल्या चेरोकी टोपलीसाठी आज तीन मान्यताप्राप्त चेरोकी सरकारांशी बोलावं लागतं. त्यांतली दोन ओक्लाहोमात आहेत, एक नॉर्थ कॅरोलिनात. नकाशा पाहून 'आमच्या राज्यात जमात नाही, म्हणून विचारलं नाही' असं म्हणणाऱ्यांची सबब टिकत नाही.

मान्यता नसलेल्या जमातींचं काय? कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या चिनूक नेशनला २००१ मध्ये मान्यता मिळाली आणि २००२ मध्ये ती काढूनही घेतली गेली. कागद बदलला म्हणून त्यांच्या होड्या आणि टोपल्या कुणा दुसऱ्याच्या झाल्या नाहीत. कायदा सक्ती करत नसला तरी त्यांना बैठकीला बोलावता येतं.

पहिलं पत्र

'आम्ही तुमच्या समृद्ध संस्कृतीवर प्रदर्शन करू इच्छितो, आपलं सहकार्य अपेक्षित आहे' अशी पत्रं या कार्यालयांत ढिगाने येतात. त्यांना उत्तर देणारा माणूस बहुतेकदा एकटाच असतो. रस्ता, धरण, टॉवर अशा प्रत्येक प्रकल्पाची कागदपत्रंही त्याच्याच टेबलावर येतात.

म्हणून पत्र एका पानाचं ठेवा. आमच्याकडे तुमच्या भागातून आलेल्या अमुक इतक्या वस्तू आहेत, यादी सोबत जोडली आहे, यांपैकी काही मांडलेल्या आहेत आणि त्या काढायच्या असतील तर एका ईमेलवर काढू, भेटीचा खर्च आम्ही करू, संपर्कासाठी हा एक माणूस. एवढं पुरे. यादीला छायाचित्रं मात्र न विचारता जोडू नका. काही वस्तूंचे फोटो काढणंच निषिद्ध असतं, आणि काही बघण्याचा अधिकार ठरावीक लोकांनाच असतो. 'फोटो पाठवू का, कोणाला पाठवू' हे विचारणं हीच पहिली चांगली ओळख.

उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नका आणि होकार तर मुळीच समजू नका. काही आठवड्यांनी फोन करा. सुगीचा काळ, समारंभाचा काळ, कुणाचं निधन अशी कारणं असतात, आणि ती तुम्हाला सांगितलीच पाहिजेत असंही काही नाही.

ते येतात तो दिवस

भेट ठरली की प्रशासनाचं काम सुरू होतं. या भेटींचं यशापयश बऱ्याचदा अशा गोष्टींवर ठरतं ज्या क्युरेटरच्या डोक्यातही नसतात.

प्रवास, राहणं, जेवण यांचे पैसे आगाऊ द्या. नंतर पावत्या लावून परतफेड करण्याची पद्धत संग्रहालयाच्या लेखा विभागाला आवडते, पण सत्तरीतल्या आजीबाईंनी स्वतःच्या कार्डावर विमानाचं तिकीट काढावं ही अपेक्षा लाजिरवाणी आहे. ज्येष्ठांसोबत त्यांची काळजी घेणारं एक माणूस येईल, त्याचाही खर्च धरा. मानधन वेगळं. बाहेरच्या तज्ज्ञ सल्लागाराला जो दर देता तोच द्या. भेटकार्ड आणि शाल-श्रीफळछाप सत्कारावर भागवू नका.

सेज ही सुगंधी वनस्पती किंवा गोड गवत जाळून धुरी देण्याची पद्धत अनेक जमातींत आहे. तुमच्या कोठारात धूरशोधक यंत्र आहे, आणि ते मध्येच किंचाळू शकतं. तेव्हा इमारत विभाग, सुरक्षा आणि अग्निशमनवाले यांच्याशी आधी बोलून त्या खोलीपुरती यंत्रणा तात्पुरती बंद ठेवण्याची लेखी परवानगी काढा. एक माणूस तिथे पहाऱ्याला ठेवा. ते जमत नसेल तर खिडक्या असलेली वेगळी खोली किंवा अंगण द्या. स्मिथसोनियनच्या नॅशनल म्युझियम ऑफ द अमेरिकन इंडियनने मेरीलँडमधल्या सूटलँडला आपलं संग्रह केंद्र बांधलं, तेव्हा समारंभासाठी आत आणि बाहेर अशा दोन्ही जागा आराखड्यातच ठेवल्या. लहान संग्रहालयाला नवी इमारत परवडणार नाही. पहाऱ्यावरच्या माणसाचा अर्ध्या दिवसाचा पगार परवडतो.

वस्तूला मक्याचं पीठ किंवा तंबाखू अर्पण करायची असेल तर संवर्धक दचकतो, कारण पीठ म्हणजे किडीला आमंत्रण. तोडगा निघतो: अर्पण ठरावीक वाटीत ठेवायचं, किती दिवस ठेवायचं आणि नंतर त्याचं काय करायचं ते पाहुण्यांनाच विचारायचं, त्या कपाटाखाली चिकटसापळे वाढवायचे. 'नियमात बसत नाही' असं सांगणारा कर्मचारी त्या खोलीत नको.

कोणती वस्तू स्त्रियांनी हाताळायची नाही, कोणती पुरुषांनी, कोणत्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्या नाहीत, हे विचारा आणि सांगतील तेवढंच लिहून घ्या. ध्वनिमुद्रण यंत्र बाहेर ठेवा. खोलीत कॅमेरा असेल तर तो आहे हे आधीच सांगा, आणि बंद करा म्हणाले तर बंद करा. माहिती काढून घेण्यासाठी प्रश्नांची फैर झाडू नका. काही ज्येष्ठ तासभर गप्प बसून राहतात. ती बैठक फुकट गेली असं ज्याला वाटतं त्याने अहवाल लिहायचं काम दुसऱ्याला द्यावं.

विषाच्या तपासणीचा अहवाल याच वेळी समोर ठेवा, हातमोजे टेबलावर ठेवा. घालायचे की नाही ते त्यांना ठरवू द्या.

जपणं म्हणजे काय, यावर मतभेद होणार

न्यू मेक्सिकोतल्या झुनी लोकांची अहायुदा ही जुळ्या युद्धदेवांची लाकडी रूपं. ती डोंगरातल्या उघड्या देवस्थानात ठेवली जातात आणि ऊनपावसात झिजत मातीला मिळतात. त्यातच त्यांचं काम आहे. ती कुणा एकाच्या मालकीची नसतात, त्यामुळे कुणी विकूही शकत नाही. बाहेर दिसणारी प्रत्येक अहायुदा चोरीची, हा झुनींचा मुद्दा होता. १९७८ मध्ये त्यांनी एका लिलावातली अहायुदा थांबवली आणि डेन्व्हर आर्ट म्युझियमशी बोलणी सुरू केली. डेन्व्हरने १९८० मध्ये त्या परत केल्या, म्हणजे नॅगप्रा कायद्याच्या दहा वर्षं आधी. स्मिथसोनियनने १९८७ मध्ये केल्या. परत आलेल्या मूर्ती पुन्हा चोरीला जाऊ नयेत म्हणून झुनींनी बंदोबस्त असलेलं, पण आभाळाला उघडं असं देवस्थान उभारलं.

संवर्धकाचं सगळं शिक्षण लाकूड कुजू नये यासाठी झालेलं असतं. आपण परत दिलेली वस्तू कुजवण्यासाठीच नेली जातेय, हे त्याच्या गळी उतरणं सोपं नाही. ही चर्चा परत करण्याच्या दिवशी काढू नका. महिनाभर आधी, आपल्याच कर्मचाऱ्यांबरोबर, दार लावून करा.

मतभेदातून नवं काहीतरी उभं राहतं याचं उदाहरण वॉशिंग्टन राज्यातल्या नीआ बेला आहे. ओझेट हे मकाह लोकांचं किनाऱ्यावरचं गाव काही शतकांपूर्वी दरड कोसळून गाडलं गेलं होतं. १९७० च्या वादळात ते उघडं पडलं. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या पुरातत्त्वज्ञांबरोबर अकरा वर्षं उत्खनन चाललं आणि पंचावन्न हजारांहून अधिक वस्तू निघाल्या. त्या विद्यापीठात न जाता गावातच राहतील असा मकाहांचा आग्रह होता, आणि त्यातून १९७९ मध्ये त्यांचं संग्रहालय उघडलं. त्यांच्या कोठारात वस्तूंची वर्गवारी मकाह भाषेच्या हिशेबाने केलेली आहे. 'हत्यारं', 'भांडी' अशा पुस्तकी रकान्यांत न दिसणारे संबंध त्यामुळे दिसू लागले. तुमच्या संगणकातल्या नोंदींत जमातीने सांगितलेल्या वर्गवारीसाठी एक रकाना ठेवणं हे याचंच छोटं रूप, आणि त्याला फार खर्च येत नाही.

परत करताना अटी घालू नका

कायदेशीर वाट थोडक्यात अशी: जमातीशी सल्लामसलत, यादी पक्की करणं, फेडरल रजिस्टर या केंद्र सरकारच्या राजपत्रात सूचना, तीस दिवसांची मुदत, मागणीची शहानिशा आणि मग मालकी हस्तांतराचा कागद. मानवी अवशेष आणि त्यांच्यासोबतच्या वस्तूंच्या याद्या जमातींशी बोलून अद्ययावत करायला नव्या नियमांनी पाच वर्षं दिली आहेत. वस्तू लगेच उचलून न्यावी असं बंधन नाही. जागा तयार होईपर्यंत सांभाळा म्हणाले तर सांभाळा, पण कागदावर त्या त्यांच्या झाल्या पाहिजेत.

कायदा लागू नसला तरी परत देता येतं. मॅसॅच्युसेट्समधल्या बॅरी या गावातल्या छोट्या संग्रहालयाला केंद्राचा निधी नव्हता, म्हणजे नॅगप्राचं बंधनही नव्हतं. लाकोटा लोकांच्या दीडशेच्या आसपास वस्तू तिथे होत्या, त्यांतल्या काही १८९० च्या वूंडेड नी हत्याकांडातल्या असल्याचं मानलं जातं. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांनी त्या परत केल्या.

अटींचा त्रास कसा होतो ते कॅनडातल्या हायस्ला लोकांच्या गप्सगोलक्स या कोरीव लाकडी स्तंभाच्या कहाणीत दिसतं. ब्रिटिश कोलंबियातला हा स्तंभ १९२९ मध्ये कापून स्वीडनला नेला गेला. १९९१ मध्ये हायस्ला लोकांनी तो परत मागितला. स्वीडन सरकारने १९९४ मध्ये परवानगी दिली, पण स्तंभ टिकेल अशी बंदिस्त इमारत हवी अशी अपेक्षा जोडली गेली. गावाकडे असल्या इमारतीचे पैसे कुठून येणार? हायस्ला कारागिरांनी नवा स्तंभ कोरून स्टॉकहोमला भेट दिला, तरी मूळ स्तंभ घरी पोचायला २००६ साल उजाडलं. 'आम्ही देतो, पण अमुक तापमानात ठेवा' असं म्हणण्याचा हक्क, ज्याने ती वस्तू न विचारता नेली त्याला कसा काय असतो, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पूर्ण परत करणं तूर्त शक्य नसेल तर उसनवारीचा मार्ग आहे. कॅल्गरीच्या ग्लेनबो म्युझियमने १९९० पासून ब्लॅकफूट लोकांना समारंभासाठी पवित्र गाठोडी उसनी द्यायला सुरुवात केली. ती वापरली गेली, आणि त्यातून विश्वास जमला. पुढे २००० साली अल्बर्टा प्रांताने खास कायदा केला आणि अडीचशेच्या आसपास वस्तू कायमच्या परत गेल्या. संग्रहालय रिकामं झालं नाही. उलट पुढच्याच वर्षी ब्लॅकफूट ज्येष्ठांच्या गटाबरोबर उभारलेलं कायमस्वरूपी दालन तिथे उघडलं.

प्रदर्शन, करायचंच असेल तर

ग्लेनबोला ही अक्कल सुखासुखी आली नव्हती. १९८८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या निमित्ताने त्यांनी कॅनडाच्या मूलनिवासींवर एक भव्य प्रदर्शन भरवलं. प्रायोजक होती शेल कंपनी. ज्या भूमीवर लुबिकॉन क्री लोकांचा दावा होता, तिथे तेलाच्या विहिरी खोदणाऱ्यांत शेलही होती. लुबिकॉन लोकांनी बहिष्कार पुकारला आणि त्याला देशोदेशीच्या संग्रहालयांतूनही पाठिंबा मिळाला. या धक्क्यातून असेंब्ली ऑफ फर्स्ट नेशन्स ही मूलनिवासींची देशव्यापी संघटना आणि कॅनेडियन म्युझियम्स असोसिएशन एकत्र बसले, आणि १९९२ मध्ये भागीदारीची तत्त्वं सांगणारा अहवाल आला. तेव्हा प्रायोजकाचं नाव बैठकीत पहिल्याच दिवशी सांगा.

सल्लागार मंडळ नेमून भागत नाही, निवडीचा अधिकार द्यावा लागतो. सांता फेमध्ये २०२२ साली उघडलेलं 'ग्राउंडेड इन क्ले' हे नैऋत्य अमेरिकेतल्या पुएब्लो लोकांच्या मातीकामाचं प्रदर्शन साठ जणांच्या पुएब्लो गटाने निवडलं आणि लिहिलं. प्रत्येकाने आपल्या मनाजवळचं भांडं निवडलं, त्यावर स्वतः लिहिलं. २०२३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये गेलं. सामान्य पद्धतीत क्युरेटर शैली आणि कालखंड लिहितो. इथे आजीच्या चुलीपाशी असलेल्या घड्याबद्दल वाचायला मिळालं. अशा कामाला नेहमीच्या दुप्पट वेळ धरा, आणि मजकूर छापायला जाण्याआधी शेवटचा हात त्यांचा फिरू द्या.

कागदावर काय हवं

सामंजस्य करार दोन पानांचा चालतो. त्यात या गोष्टी टाळू नका: निर्णय कोण घेणार आणि मतभेद झाल्यास शेवटचा शब्द कुणाचा, पैसे किती, कधी, छायाचित्रं आणि मुद्रणं कुणाच्या मालकीची, कोणती माहिती ऑनलाइन जाणार नाही, आणि कुणालाही करारातून बाहेर पडायचं असेल तर कसं. सांता फेच्या स्कूल फॉर अॅडव्हान्स्ड रिसर्चने यासाठी मार्गदर्शक सूचनांचे दोन संच केले आहेत, एक संग्रहालयांसाठी, एक समाजांसाठी. दोन्ही वाचा. समोरच्याला काय विचारायला सांगितलंय ते कळलेलं बरं.

डिजिटल नोंदींसाठी 'मुकुर्तू' ही मोफत प्रणाली आहे. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगु समाजाबरोबरच्या कामातून ती तयार झाली. कोणती नोंद कुणाला दिसावी हे त्यात समाजाच्या रीतीप्रमाणे ठरवता येतं. लोकल कॉन्टेक्स्ट्स या संस्थेची पारंपरिक ज्ञानाची लेबलं, म्हणजे नोंद कशी वापरावी हे समाजाच्या शब्दांत सांगणाऱ्या डिजिटल चिठ्ठ्या, त्याला पूरक आहेत. १८९० मध्ये मेणाच्या नळकांड्यांवर मुद्रित केलेली पासामाक्वाडी गाणी लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ती कशी वापरावीत हे त्या समाजाने दिलेल्या लेबलांवर आता तिथेच वाचायला मिळतं.

आणि एक रटाळ पण अत्यावश्यक गोष्ट: हे सगळं नातं एकाच क्युरेटरच्या फोनमध्ये राहू देऊ नका. तो निवृत्त झाला की जमातीला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. फाइल करा, पदाच्या कामाच्या वर्णनात ते लिहा, वार्षिक अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ घ्या.

आपल्याकडे

भारतात नॅगप्रासारखा कायदा नाही. १९७२ चा पुरावस्तू कायदा नोंदणी आणि निर्यात पाहतो, समाजाला वस्तू परत देण्याची तरतूद त्यात नाही. तरी धागे जुळतात. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स म्युझियमने २०२० मध्ये मानवी अवशेष दालनातून काढले; त्यांत नागांचेही होते, आणि ते परत आणण्यासाठी नागा समाजाचा गट तेव्हापासून काम करतो आहे.

महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार अनुसूचित जमातींची लोकसंख्या एक कोटी पाच लाख होती. पुण्याच्या आदिवासी संशोधन संस्थेचं संग्रहालय, विद्यापीठांचे आणि खासगी संग्रह मिळून वस्तूही भरपूर आहेत. अधिकाराचा आधार हवा असेल तर १९९६ चा पेसा कायदा पाहा: अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार त्यात मान्य केला आहे. म्हणजे पत्र कुणाला लिहायचं हे ठरलेलंच आहे.

वारल्यांचं उदाहरण घ्या. लग्नाचा चौक हे विधीचं चित्र. सुवासिनी तो भिंतीवर लिहितात, मध्ये पालघट देवी असते, आणि लग्नविधी करणारी धवलेरी गाते. जिव्या सोमा म्हसे यांनी १९७० च्या दशकापासून कागदावर चित्रं काढली आणि वारली चित्रकला जगभर गेली. ही कागदावरची चित्रं विधीसाठी नव्हती. संग्रहालयात दोन्ही एकाच भिंतीवर 'वारली चित्र' म्हणून लागतात. चौक कसा लावावा, लावावा की नाही, हे धवलेरीला आणि पाड्यातल्या जुन्या बायकांना विचारायला हवं.

पहिल्या खेपेला जाताना यादी मराठीत छापून न्या, मोठ्या अक्षरांत, आणि ग्रामसभेत ती मोठ्याने वाचून दाखवा. फोटोंचे छापील अल्बम न्या, कारण मोबाइलच्या पडद्यावर दहा माणसं एकदम बघू शकत नाहीत. मात्र पूजेतल्या वस्तूंचे फोटो आधी भगताला विचारून मगच बाहेर काढा. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी बऱ्याच जुन्या लेबलांवर 'ठाणे जिल्हा' एवढंच असतं, म्हणून तालुका आणि पाडा विचारून भरा. दुधी, बांबू आणि ताडाच्या पानाचा तारपा कपाटात असेल तर तो वाजवणाऱ्याला दाखवा. कुणाच्या हातचा आहे ते बांधणीवरून कळत असेल तर 'कारागीर: अज्ञात' या जुन्या नोंदीशेजारी नाव लिहा, आणि नाव छापायला घरच्यांची परवानगी घ्या. त्या दिवसाची मजुरी बुडते, तेव्हा बैठकीला बसलेल्या प्रत्येकाचे पैसे निघायच्या आधी हातात द्या.